‘नको’चे प्रकरण

सरकारी कचेरीत ‘नाही’ म्हणण्याचीही एक रीत असते. प्रस्ताव आला की प्रथम त्यावर टिपण लिहावयाचे. नियम उद्धृत करावयाचे. पूर्वीचे दाखले जोडावयाचे. आणि मग वरिष्ठांच्या सहीने, शक्य तितक्या विनयशील भाषेत, ‘सदर विनंती मान्य करता येत नाही’ असे कळवावयाचे. केंद्र सरकारच्या सेवेत अकरा वर्षे कारकुनी केल्यामुळे नकाराचे हे सारे सोपस्कार आमच्या अंगवळणी पडले आहेत. कारण न देता, दाखला न जोडता, समोरच्या वस्तूकडे पुरते न पाहताच दिलेला नकार आम्ही पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच घरात. देणाऱ्या व्यक्तीचे वय दोन वर्षे आठ महिने होते, आणि तिचा निर्णय एकशब्दी असे : ‘नको!’ त्यावर अपील नव्हते.

ही व्यक्ती म्हणजे आमची कन्या चिमू. तिच्या पानात ज्यांना प्रवेश होता असे पदार्थ सात : तूपमीठ घातलेला मऊ भात, मेतकूट, दूध, केळे, शिकरण, बटाट्याच्या काचऱ्या आणि एका विशिष्ट आकाराची बिस्किटे. ह्या सातांच्या बाहेरचे सारे जग वर्ज्य. वरणावर कोथिंबिरीचे एक पान तरंगताना दिसले तरी सबंध वाटी बाद होई. काचऱ्या किंचित अधिक तांबूस झाल्या तर त्या ‘काचऱ्या’ राहत नसत. मौज अशी, की हीच मुलगी वर्षाची असताना भोपळा, पालक, मुगाची डाळ, नाचणीचे सत्त्व, जे पुढे येईल ते मिटक्या मारीत खात असे. दीड वर्षाची झाली आणि एकेक पदार्थ तिच्या दरबारातून हद्दपार होऊ लागला.

तिच्या दीडाव्या वर्षीच आमची बदली झाली, ही गोष्ट आम्हांस फार सोयीची वाटली; कारण दोष कोणाच्या माथी मारावा हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला. २०२२ च्या जून महिन्यात पुण्याचे बिऱ्हाड आवरून आम्ही उभयतां चिमूसह आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्यास उतरलो. सरकारी कागदांवर २००१ पासून कोलकाता असलेले हे शहर आमच्या आईच्या तोंडी अजून कलकत्ताच आहे, आणि आमच्याही. लेक मार्केटच्या मागच्या एका गल्लीत तळमजल्यावर जागा मिळाली. सामानात आईने स्वतःच्या हाताने बांधून दिलेली एक पेटी होती. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचे पीठ, आंबेमोहोर तांदूळ, सांडगे, कुरडया. पुढे जो जो आप्त इकडे आला त्याने त्याने ही पेटी भरून आणली. लेक मार्केटात दाक्षिणात्य मंडळींमुळे कढीपत्ता ताजा मिळतो, म्हणजे फोडणीचीही चिंता नाही. परमुलुखात राहूनही जिभेला परमुलूख कळू द्यावयाचा नाही, अशी ही चोख व्यवस्था होती. कलकत्त्याशी आमचे तोंडओळखीपलीकडे काही जमले नाही त्यात त्या पेटीचा हात किती होता, हे पुष्कळ पुढे ध्यानात आले.

चिमूच्या पोटात काही जावे म्हणून आम्ही जे उपाय केले त्यांची यादी परगावी बिऱ्हाड केलेल्या कोणाही वाचकास पाठ असेल. प्रथम काऊ-चिऊच्या नावाने घास झाले. मग भ्रमणध्वनीवरची हलती चित्रे आली. चित्र पाहताना तोंड उघडे राहते, तेवढ्यात चमचा सारावयाचा. पुढे पुढे चित्र बदलले की तोंड मिटू लागले. मग लालूच : भाजीचा एक घास घेतलास तर एक बिस्किट. ह्या सौद्यात भाजी ही शिक्षा आणि बिस्किट हे बक्षीस, हे शिक्षण तिला आम्हीच देत होतो, हे आमच्या पदवीधर बुद्धीस त्या वेळी शिवले नाही. रोज रात्री दूरध्वनीवर आईची हजेरी असे. “अरे, पोर वाळत चाललंय. तिकडचं पाणीच वाईट. तू लहानपणी काय वाढू ते खायचास.” हे ऐकून सौ. मुकाट्याने स्वयंपाकघरात जाई.

सौ.विषयी येथे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. पुण्यास एका शाळेत ती शिकवीत होती. आमच्या बदलीपायी तिने ती नोकरी सोडली. नव्या गावात भाषा येत नाही, ओळखीचे कोणी नाही, आणि दिवसभराच्या श्रमाचे मोजमाप काय, तर चिमूने आज किती घास खाल्ले! शाळेत तिच्या हाताखाली चाळीस मुले होती. येथे एकच, आणि तिच्यापुढे ती रोज तीन वेळा नापास होत होती. संध्याकाळी कचेरीतून आलो की आमचाही पहिला प्रश्न असे, “काय खाल्लंन?” हा प्रश्न काळजीचा आहे अशी आमची समजूत. तिला तो तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याचा वाटत असे, हे तिने नंतर सांगितले.

२०२३ च्या ऑगस्टमधील एका रात्रीचा प्रसंग सांगावयाचा तर लेखणी अडखळते. पण तो वगळला तर बाकीच्या लिहिण्यास अर्थ नाही. दिवसभर पाऊस कोसळून रस्ते तुंबले होते. गुडघाभर पाण्यातून वाट काढीत आम्ही रात्री नऊला घरी पोहोचलो. सौ. पाऊण तासापासून पालक घातलेल्या डाळीची वाटी घेऊन चिमूपुढे बसली होती. तिचा चेहरा पाहिला, आणि आमच्या डोक्यात काय शिरले कोण जाणे. आम्ही ओल्या कपड्यांनिशीच खाली बसलो, चिमूला मांडीत आवळून धरले, तिचे नाक दाबले, आणि तोंड उघडताच चमचा आत सारला. तिला जबरदस्त ठसका लागला. डोळे पांढरे झाले. क्षणभर श्वास आत गेला तो बाहेर येईना. सौ.ने तिला हिसकावून उपडे धरले, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा घास बाहेर पडला आणि मग रडणे सुरू झाले. ते रडणे ऐकून इतके बरे आम्हांस कधी वाटले नव्हते.

त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. अंधारात पडल्या पडल्या आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. आम्ही लहानपणी ‘काय वाढू ते’ खात होतो, हा आईच्या मायेने घडविलेला इतिहास आहे. वस्तुस्थिती अशी, की पडवळाची भाजी संपेपर्यंत पाटावरून उठावयाचे नाही अशी वडिलांची आज्ञा होती, आणि एका रविवारी आम्ही दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत त्या पाटावर होतो. भाजी अखेर संपली. वडील जिंकले. आज आमची पस्तिशी उलटली तरी पडवळाच्या वासाने आम्हांस मळमळते. जो खटला आमच्यावर असा चालला होता तोच, त्याहून कठोर कलमे लावून, आम्ही मुलीवर चालविला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः दही खाण्यासाठी चमचा उचलला. समोर चिमू बसली होती. तिने दोन्ही तळहात आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरले आणि आमच्याकडे पाहत राहिली.

त्याच आठवड्यात तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी वजन-उंची घेतली, रक्त तपासावयास दिले. वजन वयाच्या मानाने बरे निघाले. पण रक्तात हिमोग्लोबिन ९.१ होते, आणि ह्या वयात ते ११ च्या खाली असता कामा नये. “दूध किती पिते?” त्यांनी विचारले. सौ.ने अभिमानाने सांगितले, “लिटरभर. तेवढं तरी जातं बाई पोटात!” डॉक्टरीणबाई हसल्या. येथेच पाणी मुरत होते. दुधात लोह जवळजवळ नसते. उलट दूध फार झाले तर इतर अन्नातले लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. आणि लिटरभर दुधाने चिमुकले पोट भरल्यावर भूक राहावी कोठून? त्यांनी दूध अर्ध्या लिटरच्या आत आणावयास सांगितले, लोहाचे औषध लिहून दिले, आणि समजूत घातली. मूल पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या तिप्पट होते; दुसऱ्या वर्षात मात्र त्याचे वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेगच मंदावतो, म्हणून भूकही कमी होते. आईबापांना वाटते, मूल खाईनासे झाले. निघताना त्या म्हणाल्या, “तुमची मुलगी एकटी नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील शंभरांपैकी सदुसष्ट मुलांत पंडुरोग आढळला होता. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. आणि जबरदस्ती मुळीच नको.” त्या रात्रीची हकीकत आम्ही त्यांना सांगितली नव्हती. तरी मान खाली गेली.

वजन घटत असेल, गिळताना नेहमी ठसका लागत असेल, किंवा खात असलेले पदार्थही एकामागून एक सुटून चार-दोनच उरले असतील, तर परत या, असेही त्यांनी बजावले होते. चिमूच्या बाबतीत ह्यांपैकी काही नव्हते. म्हणजे आता प्रश्न औषधाचा कमी आणि आमचा अधिक होता.

कारकुनाची सवय अशी, की प्रकरण अवघड झाले म्हणजे पूर्वीचे कागद काढावे. आम्ही वाचावयास लागलो. समजले ते असे, की दुसऱ्या वर्षापासून साधारण सहाव्या वर्षापर्यंत नव्या पदार्थाचे भय वाटणे हा बालस्वभावच आहे. पूर्वी रानावनात रांगते मूल चालू लागले, की दिसेल ते पान तोंडात घालू नये अशी सृष्टीचीच ही योजना असावी, असे जाणते सांगतात. जुळ्या मुलांवरील अभ्यासांतून असेही दिसले आहे, की ही प्रवृत्ती पुष्कळ अंशी उपजत असते. आईच्या हाताला चव असो वा नसो. हे वाचून दाखविले तेव्हा सौ.ने ती ओळ पुन्हा एकदा वाचावयास लावली.

आणखी कळले, की नवा पदार्थ मुलाने एकदा नाकारला तर तो नकार अंतिम नसतो. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, तोच पदार्थ चिमूटभर, आग्रह न करता, पुढे यावा लागतो. तेव्हा कुठे ओळख होते. आम्ही तर दोन वेळा वाढून, तिसऱ्या वेळी ‘आवडत नाही’ असा शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल करीत होतो! एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी तर ह्या कामाची अधिकारविभागणीच करून ठेविली आहे. काय वाढावयाचे, केव्हा आणि कोठे, हे आईबापांनी ठरवावे. खावयाचे की नाही आणि किती, हे मुलाने. वित्तीय अधिकार कोणाला किती, ह्याचे नियम तोंडपाठ असलेल्या आम्हांस ही विभागणी तत्काळ पटली. आजवर मुलीचा अधिकार आम्ही बळकावला होता आणि आमचा तिच्या हाती देऊन टाकला होता. कारण घरात शिजत होते ते तिच्या सात पदार्थांपैकीच.

१९२८ साली क्लारा डेव्हिस ह्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोगही वाचनात आला. नुकतेच दूध सुटलेल्या बालकांपुढे निरनिराळे पदार्थ मांडून ठेवीत, आणि कोणी काही न सुचविता त्यांचे त्यांना निवडू देत. पुढे १९३९ पर्यंत ही मुले पंधरा झाली, पदार्थ एकंदर चौतीस. मुले आपल्या मनाप्रमाणे खात आणि छान वाढत. पण बाईंनीच स्पष्ट केले होते, की खरी खुबी पदार्थांच्या यादीत आहे. त्या चौतिसांत साखर नव्हती, बिस्किटे नव्हती. सारे साधे अन्न. मुलाच्या हाती निवड द्यावी ती अशा पानातून.

हे सारे पटले, तरी पटणे आणि पालटणे ह्यांत अंतर असते. ते तुटले ते पुस्तकांमुळे नव्हे, वरच्या मजल्यावरील माशीमांमुळे.

माशीमा म्हणजे मावशी. सत्तरीच्या घरातल्या ह्या विधवा बाई आमच्या डोक्यावर एकट्या राहत. बंगाली विधवांनी पिढ्यान् पिढ्या मासे, कांदा आणि लसूण वर्ज्य केले आणि त्या निरामिष स्वयंपाकातून केवढे वैभव निर्माण केले, हे आज आम्ही सांगू शकतो. तेव्हा ठाऊक नव्हते. आम्ही मासे खात नाही हे कळल्यापासून दर रविवारी त्यांची एक वाटी झाकून खाली येई. कधी केळफुलाचे ‘मोचा’, कधी खसखशीत शिजविलेले बटाटे, कधी कडूगोड ‘शुक्तो’. आम्ही उभयतां हसतमुखाने आभार मानून वाटी घेत असू आणि दार लागल्यावर मोहरीच्या तेलाच्या वासाने नाके मुरडून ती कामवालीस देत असू. “आपल्याकडे नाही बाई खात असलं,” असे सौ. म्हणे, आणि आम्ही मान हलवीत असू. चिमू कोपऱ्यात खेळत असे.

डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या रविवारी माशीमा स्वतःच वाटी घेऊन आल्या. चिमूचे रडणे त्यांना वर ऐकू जात असले पाहिजे. खाली बसून त्यांनी चिमूला प्रेमाने म्हटले, “एकटु खाओ, मा.” थोडेसे खा, आई. लहान मुलीला आई म्हणण्याची तिकडची ही रीत. चिमूने वाटीत पाहिले, नाक मुरडले, आणि तोवर जमलेल्या मोडक्या बंगालीत, अगदी आपल्या आईच्या सुरात म्हणाली, “आम्ही नाही खात असलं. आम्ही बाईला देऊन टाकतो.”

माशीमांना सारे कळले. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मग आमच्या मुलीचा गाल कुरवाळून त्या इतकेच म्हणाल्या, “थाक, जोर कोरो ना.” असू दे, जुलूम करू नका. तो उपदेश मुलीविषयी होता. पण आम्हांस वाटले, आमच्याहीविषयी आहे. वाटी उचलून त्या वर गेल्या. जिन्यावरची त्यांची पावले आम्ही ऐकत उभे राहिलो.

संध्याकाळी सौ. म्हणाली, “अहो, मुलगी आपल्यासारखीच निघाली, आणि आपण तिला डॉक्टरांकडे नेतो आहोत.”

खरेच होते. सव्वा वर्षात ह्या शहरातील आमच्या स्वीकृत पदार्थांची संख्या किती? रसगुल्ला, मिष्टी दोई आणि चहा. चिमूची यादी सातांची, आमची तीनांची. नवे पान पाहून तिच्या मनात जे भय उभे राहते तेच आमच्याही मनात होते. फरक एवढाच, की तिच्या भयाला ‘खोड’ म्हणतात आणि आमच्या भयाला ‘आपली पद्धत’. गरोदरपणी व अंगावर पाजताना आई जे खाते त्याची चव मुलास आधीच ओळखीची होते, असेही आम्ही वाचले होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाजराचा रस पिणाऱ्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराची चव सहज स्वीकारली होती. चिमूची जीभ अशी सांगलीस, सौ.च्या माहेरी घडली. इकडच्या चवींची ओळख तिला येथेच व्हावयाची होती, आणि ती करून देणारे दोघे दार लावून वाटी रिकामी करीत होते.

आम्ही दोघे वर गेलो. क्षमा मागावी तर कोणत्या भाषेत हे कळेना, तेव्हा सौ.ने आमच्या पेटीतले मूठभर सांडगे नेले होते ते पुढे केले. माशीमांनी ते हाती घेऊन पाहिले आणि एकदम हसल्या. त्यांच्या फळीवरच्या बरणीत डाळीच्या ‘बोडी’ होत्या. रूप वेगळे, पण कूळ एकच. त्या दिवसापासून रविवारचे दुपारचे जेवण वर, माशीमांच्या फरशीवर, सर्वांनी एकत्र बसून घेऊ लागलो. चिमूच्या ताटलीत तिचा मेतकूटभात असेच. शेजारी प्रत्येक पदार्थाचे चिमूटभर. तिच्याकडे कोणी पाहावयाचे नाही, कोणी काही म्हणावयाचे नाही, असा ठराव.

बंगाली जेवणाची सुरुवात कडू पदार्थाने होते. त्या दिवशी शुक्तो होते : कारले, कच्चे केळे, रताळे, शेवग्याच्या शेंगा, वांगे, वरून दूध आणि तळलेल्या बोडी. पहिला घास घेतला तेव्हा आमचा चेहरा कसा झाला असेल ते चिमूच्या टक लावून पाहण्यावरून कळले. आम्ही गिळला. दुसरा घेतला. त्यात आमचे काही मोठेपण नव्हते. आमच्याकडे पाहणारे दोन डोळे होते म्हणूनच तो घास गेला. तिसऱ्या रविवारी चिमूने हात लांबविला तो आपल्या ताटलीकडे नव्हे, माशीमांच्या ताटातल्या बोडीकडे. कुरकुरीत बोडी तोंडात गेली. आम्ही तिघेही ठरावाप्रमाणे खिडकीबाहेर पाहत होतो.

ह्यानंतर चमत्कार झाला असे लिहिले तर ते असत्य होईल. जे झाले ते फार सावकाश झाले, आणि त्याचा कागदोपत्री पुरावा आमच्यापाशी आहे. सौ.ने एका जुन्या रोजनिशीत रकाने आखले : पदार्थ, तारीख, आणि शेरा. शेरे पाचच : पाहिले, हात लावला, चाटले, थुंकले, गिळले. लाल भोपळ्याच्या पानावर सप्टेंबरपासून ‘पाहिले’ सहा वेळा, ‘हात लावला’ दोनदा, ‘चाटले’ दोनदा, ‘थुंकले’ दोनदा, आणि तेराव्या खेपेस ‘गिळले’ आहे. त्यातही गंमत अशी, की माशीमांचा तळलेला ‘कुमडो’ ती खाई. तोच घरी ‘भोपळा’ म्हणून वाढला तर नको. आम्ही घरीही त्यास कुमडो म्हणू लागलो. खाली थुंकले तर पुसून घ्यावयाचे. ‘शाब्बास’ नाही, ‘छी’ नाही. बिस्किटे बक्षिसाच्या पदावरून काढली. दोन जेवणांच्या मध्ये दूध बंद केले. पहिला आठवडा रडण्याचा गेला. पण दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या वेळेला चिमू स्वतःहून पाटावर येऊन बसू लागली. भूक नावाच्या गृहस्थाची आणि तिची ती बहुधा पहिलीच भेट असावी. बाजारातही तिला नेऊ लागलो. घेवड्याच्या शेंगा निवडताना तिने दाणे सोलले, मोजले, आणि एक तोंडात टाकला. तो दाणा तिने परत काढला. परंतु तो आत गेला होता, ह्याची नोंद आहे. आम्हीही घरी येताच विचारावयाचा तो प्रश्न सोडला.

डिसेंबरात हिमोग्लोबिन १०.६ झाले, आणि मार्चमध्ये ११.४. त्याचे मुख्य श्रेय औषधास आणि कमी झालेल्या दुधास आहे, हे आम्ही जाणतो. पदार्थांची यादी आज एकोणीसवर आली आहे. वांगे अद्याप बाहेर आहे. वरण कोथिंबिरीसह चालत नाही. प्रवासात किंवा ताप आला असता ती परत मेतकूटभातावर जाते आणि आम्ही जाऊ देतो.

२०२४ च्या पाडव्याला आई कलकत्त्यास आली होती. गुढी उभारली, रिवाजाप्रमाणे कडुलिंबाचा पाला, गूळ, ओवा, हिंग वाटून गोळ्या केल्या. आमची आई वर्षातून एकदा, डोळे मिटून, औषधासारखी ती गोळी गिळते. आम्हीही तशीच गिळत आलो. चिमूने आपली गोळी तोंडात टाकली, चघळली, आणि म्हणाली, “दिदाकडची ह्याच्यापेक्षा कुरकुरीत असते.” फाल्गुन-चैत्रात माशीमांच्या जेवणात कडुलिंबाचा कोवळा पाला तळून वांग्याबरोबर पहिल्या भातावर येतो. वांगे बाजूस सारून पाला तेवढा खाण्याची युक्ती तिने काढली होती. आई थक्क होऊन आमच्याकडे पाहू लागली. दुपारी तिने चिमूला भरविण्यासाठी सवयीने घास उचलला, सौ. काही बोलली नाही, फक्त खिडकीबाहेर पाहू लागली. आईने थोडा वेळ वाट पाहिली, आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

“तू पडवळासाठी दिवसभर बसला होतास,” ती त्या रात्री अकस्मात म्हणाली. “मला आठवतं. मी तेव्हा मधे पडायला हवं होतं.”

बदलीचे वारे आता पुन्हा वाहू लागले आहे. पुढचे ठाणे कोणते, ठाऊक नाही. गुवाहाटी असेल, चेन्नई असेल. परवा ती रोजनिशी चाळताना शेवटी एक पान आम्हांस न दाखविता आखलेले आढळले. अक्षर सौ.चे. पदार्थ : पडवळ. नाव : चिमूचे बाबा. माशीमा पडवळ कसे करतात ते आम्ही दर खेपेस दुसरीकडे पाहत टाळतो, हे तिने टिपून ठेविले होते. शेरे पाच आहेत : चार वेळा ‘पाहिले’, आणि गेल्या रविवारच्या तारखेस, ‘हात लावला’.